नास्तिकाची हाक

परमेश्वराला आता निवृत्त करा, असं डॉ. श्रीराम लागूंनी लेख लिहून जाहीरपणे मांडलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये त्यांचे गणपतराव बेलवलकर विधात्याला जाब विचारू लागले की त्याच भाविक महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी उभं राही. कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून नाटकात आलेल्या या माणसाच्या लेखी पलीकडे ऐकणारं कोणी नव्हतंच. तरी प्रयोगामागून प्रयोग तो त्या नसलेल्याला हाक मारत होता. याला लबाडी म्हणायचं का? लागूंचं उत्तर त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच आहे: ‘लमाण’. नट लेखकाचा माल वाहून नेणारा. गोणीतलं मीठ आपलं असावं लागत नाही. उत्तर नम्र आहे, पण मला ते अपुरं वाटतं. नुसत्या हमालीने कोणाचा कंठ दाटून येत नाही. ती हाक खरी वाटत होती, आणि ती खरी वाटायला देव असावा लागला नाही, नटाचा विश्वासही लागला नाही. लागला तो घरातून उठवलेला एक म्हातारा आणि त्याचं दुःख ओळखणारं प्रेक्षागृह. म्हणून मला वाटतं, लागूंच्या नास्तिकतेची बळकट बाजू त्यांच्या लेखात नाही, त्यांच्या भूमिकेत आहे.

भाविक यावर म्हणेल, अहो, शेवटी विधात्याचंच नाव घ्यावं लागलं ना? मग निवृत्त कुठे झाला? आक्षेप हलका नाही. लागूंच्या लेखापाशी तो अडूनही बसेल, कारण ज्याला निवृत्त करायचं त्याचं काम पुढे कोणी करायचं, हे नुसत्या तर्काने सुटत नाही. नाटकात मात्र ते दिसतं. विधात्याकडून उत्तर येत नाही. पोटच्या मुलांनी दूर लोटलेल्या त्या म्हाताऱ्याला जवळ करतो तो रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला पोरगा. नाटककार शिरवाडकरांनी हाक वर पाठवली आणि ओ खालून आणली.

दुसरा आक्षेप पालघर जिल्ह्याच्या मातीतून येतो, आणि तो मला जास्त गोड वाटतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा हा सोंगांचा उत्सव होतो. संबळ-सनईच्या तालावर देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचतात आणि लोक हात जोडतात. तिथे अभिनय आणि भक्ती वेगळी काढताच येत नाही, मग नाटकाच्या दाखल्यावरून देवाचा निकाल कसा लावणार? मुद्दा बरोबर. पण मुखवट्यामागच्या माणसाच्या मनात काय आहे, हे तिथेही कोणी तपासत नाही. नमस्कार मुखवट्याला असतो. सोंग संपलं की मुखवटा उतरतो, घामाने चिकटलेलं कापड सुटतं, आणि कालचा नरसिंह मजुरीला निघतो. पोट त्याला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे, तिथल्या एखाद्या भाड्याच्या खोलीतही नेऊ शकतं. तिथे त्याच्या पाया पडायला कोणी येत नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते.

लागू अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या बाजूने उभे राहिले ते सोंग संपलं की मुखवटा उतरला पाहिजे, या मुद्द्यावरच, असं मी समजतो. दोघांचं देवाबद्दल एकमत नव्हतं, आणि ते त्यांनी एकाच व्यासपीठावर बसून लोकांसमोर मांडलं. दाभोलकरांचा रोख देवाधर्मावर नव्हता, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणावर होता. लागूंना देवाची कल्पनाच कालबाह्य वाटे. तरी बुवापुढे दोघे एक होत, आणि त्याचं कारण नटाला चटकन कळावं असं आहे. बुवाही सोंगच काढतो, कधी कधी फर्मास काढतो. फक्त त्याच्या नाटकाला शेवटचा पडदा नसतो. प्रेक्षक घरी गेला तरी त्याचं तिकीट फाडणं चालूच राहतं. बेलवलकरांचा लागू मात्र प्रयोग संपला की आरशासमोर बसून रंग पुसत असे, आणि बाहेर थांबलेल्या भाविकाला भेटत असे तो एक नास्तिक डॉक्टर.