दात नसलेले अरण्य

वॉल्ट डिस्नेचा ‘बॅम्बी’ हा १९४२चा चित्रपट एका मृत्यूमुळे जगाच्या लक्षात राहिला. हिवाळा सरत आलेला असतो, बर्फातून पहिले कोवळे गवत डोकावते आणि हरिणी व तिचे पाडस अधाशासारखे ते खात असतात. आईला चाहूल लागते. ती पाडसाला पळायला सांगते, मागे वळून पाहू नकोस म्हणते आणि गोळीचा आवाज होतो. पाडस झाडोऱ्यात पोचते, आई पोचत नाही. तिचे प्रेत पडद्यावर कधीच दिसत नाही, तरीही आज पिकलेल्या केसांच्या माणसांना जेमतेम ७० मिनिटांच्या या चित्रपटातले तेवढेच आठवते. मात्र मोठेपणी तो पुन्हा पाहताना विचारात पाडते ती दुसरीच गोष्ट. या अरण्यात माणसाखेरीज कोणीही कोणाला मारत नाही. घुबड सशांच्या आणि पाखरांच्या पिल्लांना आजोबांच्या मायेने रागे भरते. कोल्हा नाही, लांडगा नाही, ससाणा नाही. दात विचकलेले दिसतात ते फक्त शिकारी कुत्र्यांचे, आणि ती कुत्री माणसाची आहेत. आईच्या मृत्यूने लहान मूल हादरते, कारण त्या अरण्यात मृत्यू बाहेरून येतो. तो मुळात तिथला रहिवासी नाही, ही या चित्रपटाची खरी मांडणी आहे, आणि ती कुठून आली व पुढे कुठे गेली हे तपासण्याजोगे आहे.

मूळ कादंबरीत ती नव्हती. फेलिक्स साल्टन या व्हिएन्नातल्या ज्यू लेखकाने १९२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेला ‘बॅम्बी’ हा एका हरणाच्या आयुष्याचा वृत्तांत आहे, आणि तो मुख्यतः प्रौढांसाठी लिहिलेला आहे. साल्टन स्वतः शिकार करायचा. अरण्य त्याला बंदुकीमागून ठाऊक होते, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या लेखणीतून ते स्वच्छ धुतलेले उतरले नाही. त्याच्या हिवाळ्यात उपासमार आहे. कावळे सशाच्या आजारी पिल्लाला टोचून मारतात, कोल्हा फेझंट पक्ष्याला फाडतो, मान फाटलेली खार सैरावैरा धावत राहते. गोबो नावाचे एक पाडस माणसाच्या घरी वाढते, गळ्यावर पट्ट्याची खूण घेऊन परत येते, माणूस आपला मित्र आहे असे अभिमानाने सांगते आणि त्या विश्वासापायीच मारले जाते. जखमी कोल्हा आणि शिकारी कुत्रा यांचा एक भयंकर प्रसंग आहे. कोल्हा कुत्र्याला फितूर म्हणतो, भोवतीचे प्राणीही म्हणतात, आणि कुत्रा आपल्या धन्याची थोरवी गात कोल्ह्याचा जीव घेतो. नाझींनी पुढे साल्टनच्या पुस्तकांवर बंदी घातली आणि त्याला व्हिएन्ना सोडून झुरिक गाठावे लागले. या कादंबरीत अनेकांनी छळल्या जाणाऱ्या अल्पसंख्याकांची व्यथा वाचली ती उगीच नाही. पण ते रूपक बाजूला ठेवले तरी साल्टनचे अरण्य भीतीने भरलेलेच उरते, आणि तिथे माणूस हा सर्वांत मोठा असला तरी एकमेव मारेकरी नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे म्हातारे नर हरीण बॅम्बीला एका जागी घेऊन जाते. तिथे चोरून शिकार करणारा एक माणूस मरून पडलेला असतो, दुसऱ्या माणसाच्या गोळीने. माणूसही आपल्यासारखाच मर्त्य आहे, त्याच्यावरही कुणाची तरी सत्ता आहे, हे ते हरीण बॅम्बीला दाखवते. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचा कणा हा प्रसंग आहे. इतका वेळ देवासारखा, अदृश्य, सर्वशक्तिमान भासणारा प्राणी इतर प्राण्यांच्या पंगतीला येऊन बसतो, आणि वाचकाला कळते की भय आणि मरण यांच्या बाबतीत आपण आणि हरीण एकाच बाजूला आहोत.

चित्रपटात हा प्रसंग नाही. कादंबरीचे हक्क प्रथम सिडनी फ्रँकलिन या दिग्दर्शकाने घेतले होते. खरे प्राणी घेऊन ही गोष्ट चित्रित करता येणार नाही हे लक्षात आल्यावर ते १९३७ साली डिस्नेकडे आले. पुढची पाच वर्षे तिथल्या कलावंतांनी जे कष्ट घेतले त्यांच्याविषयी आदरच वाटतो. मेन राज्यातून दोन जिवंत पाडसे स्टुडिओत आणली गेली, रिको लब्रन या चित्रकाराने प्राण्यांच्या शरीररचनेचे धडे दिले. बर्फावर घसरणारी ती चार लुकडी पावले पाहताना स्नायू, हाडे आणि वजन जाणवते ते त्यामुळे. पार्श्वचित्रांची दिशा ठरवली टायरस वाँगने. लहानपणी चीनमधून अमेरिकेत आलेल्या या कलावंताने जुन्या चिनी निसर्गचित्रांच्या धाटणीने प्रत्येक पान रेखाटण्याचा सोस टाळला आणि धुके, प्रकाश व दोन-चार खोडे एवढ्यावर अरण्य उभे केले. चित्रपटाचे सौंदर्य मुख्यतः त्याचे आहे. पण नीट पाहिले तर इथे एक विचित्र वाटणी झालेली दिसते. प्राण्यांची शरीरे अभूतपूर्व खरी झाली आणि प्राण्यांमधले संबंध सपशेल खोटे झाले. शरीर इतके खरे आहे म्हणूनच त्या संबंधांवर आपला विश्वास बसतो. चड्डी घातलेल्या मिकी माउसला कोणी उंदराचा दाखला समजत नाही. बॅम्बी मात्र पिढ्यान्‌पिढ्या हरणाचा दाखला ठरला.

माणसाला पडद्याबाहेर ठेवण्याची युक्तीही अशीच दुधारी आहे. चित्रपटात त्याला चेहरा नाही. त्याच्या आगमनाची सूचना देणारे काही सूर, बंदुकीचा आवाज, कुत्री आणि शेवटी त्याच्या शेकोटीतून पेटलेला वणवा, एवढेच त्याचे अस्तित्व. हा वणवा पटकथेने घातलेली भर आहे. कला म्हणून ही युक्ती विलक्षण परिणामकारक आहे, कारण न दिसणाऱ्याचे भय दिसणाऱ्यापेक्षा मोठे असते. पण ज्याला चेहरा नाही त्याला भूक नाही, गरज नाही, घर नाही आणि मरणही नाही. साल्टनने माणसाला खाली उतरवून प्राण्यांत आणले होते, डिस्नेने त्याला निसर्गाच्या सीमेबाहेर नेऊन उभे केले. आत निष्पाप सृष्टी आणि बाहेर अपराधी माणूस ही विभागणी तिथे पुरी झाली.

ही कल्पना या चित्रपटाने जन्माला घातली असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत लांडगे आणि पुमा वेचून मारण्याची मोहीम कितीतरी आधीची आहे. दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची हे तिथल्या वनखात्याचे धोरण १९३५चे, म्हणजे चित्रपटाच्या सात वर्षे आधीचे. चित्रपटाने केले ते असे की हवेत असलेल्या या समजुतीला मोठाले डोळे आणि थरथरते कान दिले. वनखात्याने १९४४ साली वणवाविरोधी भित्तिपत्रकांवर बॅम्बीलाच घेतले. डिस्नेने दिलेली परवानगी वर्षभरापुरतीच होती, म्हणून त्याच वर्षी स्मोकी हे अस्वल तयार करण्यात आले आणि पुढची अनेक दशके त्याने मुलांना आग म्हणजे केवळ नाश असे शिकवले. शिकारी मंडळीही खवळली. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाच्या संपादकाने हा आपल्यासारख्यांचा अपमान मानला. पण त्यांचा राग स्वतःच्या प्रतिमेसाठी होता. अरण्याच्या वतीने घ्यायचा आक्षेप त्यांना सुचला नाही.

तो त्याच सुमारास प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड मांडत होता. तरुणपणी वनखात्यात असताना त्याने इतरांप्रमाणेच लांडग्यावर गोळी झाडली होती, लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त या हिशेबाने. १९४४ साली लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९४९मध्ये, पुस्तकात आलेल्या एका निबंधात त्याने तो हिशेब तपासला. लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी कोवळे झाड, झुडूप काही शिल्लक ठेवले नव्हते आणि शेवटी तीही उपाशी मेली होती. विस्कॉन्सिनमध्ये हरणांची संख्या चाऱ्याच्या मानाने फार वाढली तेव्हा माद्यांचीही शिकार होऊ द्यावी असे तो सांगत राहिला आणि लोकांचा कडवा विरोध सोसत राहिला. हरिणी मारायची ही कल्पनाच लोकांना असह्य वाटत होती. एकाच दशकात एकाच देशात हरणाबद्दल दोन विचार उभे होते. एक पडद्यावर कोट्यवधींनी पाहिला, दुसरा एका प्राध्यापकाने थोडक्यांसाठी लिहिला.

या टीकेवर पहिला आक्षेप असा की हा मुलांचा चित्रपट आहे, त्यात रक्तपात कशाला? पण मुलांना मृत्यू पेलत नाही असे डिस्नेला वाटत असते तर आईचा मृत्यू त्याने ठेवलाच नसता. प्रश्न किती मृत्यू दाखवायचे याचा नाही, त्यांचे खापर कुणावर फोडायचे याचा आहे. शिवाय याच काळाने दुसरे उदाहरण दिले आहे, आणि राम पटवर्धनांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला ते चांगले परिचित आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्जचे ‘पाडस’ १९३८ सालचे, ‘बॅम्बी’च्या चारच वर्षे आधीचे. त्यातही पाडसाची आई माणसाच्याच गोळीने मरते. पण सापाचे विष उतरवण्यासाठी हरिणीचे काळीज हवे म्हणून ज्योडी या मुलाचा बाप ती गोळी झाडतो, नाहीतर त्याचाच जीव जाणार असतो. अनाथ पाडसाला ज्योडी घरी आणतो, जीव लावतो, आणि ते शेतातले पीक खाऊ लागते तेव्हा त्याच्यावरच पाडसाला मारण्याची वेळ येते. इथे कोणीही दुष्ट नाही आणि कोणीही निष्पाप नाही. हे पुस्तक बारा-तेरा वर्षांची मुले वाचतात, रडतात आणि मोठेपणीही जवळ ठेवतात. मुलांच्या सहनशक्तीबद्दलची शंका तिथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हरणाच्या डोळ्यांतून जग पाहायला शिकवले हे या चित्रपटाचे ऋण आहेच. करुणा नसेल तर ज्ञानाचे काय करायचे? बंदुकीच्या पलीकडच्या टोकाला कुणाचे तरी घर आहे, ही जाणीव एका पिढीला या ७० मिनिटांनी दिली, आणि ती मी कमी लेखणार नाही. पण ही करुणा एका चेहऱ्यापुरती आहे. तिला हरीण दिसते, हरणांचा कळप आणि त्याखालचे गवत दिसत नाही, आणि ज्याला सुंदर डोळे नाहीत तो प्राणी तिच्या वाट्याला येतच नाही. लांडग्याला या करुणेत जागा कुठे आहे? तो चित्रपटात नाही म्हणून निर्दोष ठरला एवढेच, पण त्याच्यावाचून अरण्य सुखी दिसते हेही प्रेक्षकाने पाहून ठेवले.

अमेरिकेत धोरणे पुढे बदलली. लॉजपोल पाइनसारख्या झाडांची बरीच फळे आगीच्या धगीनेच उकलतात, आग ही काही अरण्यांची गरज आहे, हे मान्य होत गेले. सकाळी दहाचा दंडक १९७८ साली गेला. यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग १९८८च्या वणव्यांनी व्यापला, आणि नंतर त्याच राखेतून पाइनची दाट रोपे उभी राहिली. १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून तिथे सोडले गेले. लोकांच्या मनातली प्रतिमा मात्र इतक्या लवकर सरकत नाही. अरण्य तिकडे, माणूस इकडे, आणि दोघे भेटले की गुन्हा घडलाच, ही विभागणी आपल्याकडेही बिबट्याच्या प्रत्येक बातमीत डोकावते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतांत केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३००हून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. ते वाट चुकून आलेले नव्हते. तिथेच पिल्ले वाढवत होते, आणि त्यांच्या आहारात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा होता. तिथला शेतकरी या बिबट्याला देव मानत असेल, शिव्या देत असेल किंवा रात्री शेळ्या आत बांधून झोपत असेल, पण तो आणि बिबट्या एकाच भूमीचे रहिवासी आहेत. साल्टनच्या कादंबरीत हा बिबट्या कुठेतरी बसला असता, ज्योडीच्या बापाने त्याला ओळखले असते. डिस्नेच्या अरण्यात त्याला जागा नाही, आणि त्या शेतकऱ्यालाही नाही.