सत्कर्म कशास म्हणावे ?

भुकेल्यास अन्न द्यावे, आजाऱ्याची शुश्रूषा करावी, भयाने पळणाऱ्या प्राण्यास आश्रय द्यावा, या कर्मांना सत्कर्म म्हणण्यास कोणाचीही हरकत नसते. तथापि कर्माकडून कर्त्याच्या अंतःकरणाकडे दृष्टी वळविली की शंका उत्पन्न होते. अन्न देणाऱ्याने ते भुकेल्यासाठी दिले की स्वतःसाठी ? त्याला पुण्याची आशा असेल, लौकिकाची असेल. यांपैकी काहीच नसले तरी दिल्यानंतर मनास जे समाधान होते ते तर त्याला मिळालेच. मग निःस्वार्थ दया म्हणून काही आहे की नाही ? हा प्रश्न केवळ तार्किकांचा नव्हे. वासनिक नित्य दानधर्म करीत असतो आणि भिक्षू त्याच्या दारच्या भिक्षेवर देह राखून धर्म आचरीत असतो. देणारा आणि घेणारा या दोघांनाही या प्रश्नाचा निर्णय करणे अगत्याचे आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज (1588–1679) याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, त्याने एका दुर्बळ वृद्ध भिकाऱ्यास पैसे दिले, तेव्हा कोणी त्याला याचे कारण विचारले. त्याच्या उत्तराचा आशय असा होता की, वृद्धाची दैन्यावस्था पाहून मला क्लेश होत होते. त्याचे दुःख हलके झाले आणि त्याबरोबर माझेही. यावरून पूर्वपक्षी म्हणतो : दया म्हणजे आपलेच दुःख निवारण्याचा उपाय होय. जो देतो तो स्वतःस देतो. परोपकार हे स्वार्थाचेच सभ्य नाव आहे.

याचे समाधान असे. येथे हेतू आणि फल यांची गल्लत झाली आहे. उन्हातून चालणाऱ्याबरोबर त्याची सावली चालते, म्हणून तो सावलीसाठी चालला असे कोणी म्हणत नाही. दिल्यानंतर समाधान होते हे खरे. परंतु ते कोणास होते? ज्याला दुसऱ्याचे दुःख आधीच लागलेले असते त्यास. ज्याचे हृदय वृद्धाच्या दैन्याने हलत नाही, त्यास क्लेशही नाही आणि क्लेशनिवारणाचे सुखही नाही. म्हणजे हे समाधानच साक्ष देते की, त्यापूर्वी दुसऱ्याविषयीची कळकळ तेथे होती. केवळ आपले क्लेश टाळावयाचे असते तर मान फिरवून दुसऱ्या वाटेने जाणे अधिक स्वस्त होते.

परंतु एवढ्याने आपली दया शुद्ध ठरली असे मानून निश्चिंत होऊ नये. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र होत, हा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेला सिद्धान्त आहे. यांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त होय. परमेश्वरास कशाचीच उणीव नाही. म्हणून त्याची कृपा पूर्णतः निर्हेतुक असते. जीव अविद्येने वेढलेला आहे. म्हणून त्याच्या दयेत वासनेचा अंश मिसळणारच. परंतु जीव केवळ बद्ध नाही, तो मुक्तीस योग्य आहे. तशीच त्याची दयाही आहे. आज ती बांधलेली असेल, पण सुटण्यास योग्य आहे. ती सर्वस्वी स्वार्थच आहे असे म्हणणारा जीवाची योग्यता विसरतो, आणि ती सर्वस्वी निःस्वार्थ आहे असे म्हणणारा त्याचे बंधन विसरतो.

हे बंधन कोणते ? पुण्याच्या आशेने केलेले कर्म देवताफळ देते. ते फळ परिमित असल्यामुळे भोगून सरते आणि जीव पुनः कर्मभूमीस येतो. भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, परत उपकार करू न शकणाऱ्यास कर्तव्यबुद्धीने दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले, आणि प्रत्युपकारासाठी किंवा फळावर दृष्टी ठेवून, मनास कष्ट देत दिलेल्या दानास राजस म्हटले. देयवस्तू तीच असली तरी देणाऱ्याच्या बुद्धीने दान पालटते.

येथे एक विपरीत अर्थ काढला जाण्याची भीती आहे. कोणी म्हणेल, सत्कर्मही बांधते, तर ते करावेच कशाला ? लीळाचरित्रातील सशाची लीळा या शंकेचे मूळ छेदते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा प्राणभयाने धावत येऊन गोसावियांच्या मांडीखाली शिरला. पारधी आले आणि आपली शिकार मागू लागले. गोसावियांनी ससा दिला नाही. तो शरण आला आहे हे त्यांना समजाविले. पारधी निघून गेल्यावर त्या सशाला थोरामोठ्यास करावे तसे आदराने संबोधून मोकळे केले.

या लीळेत तीन गोष्टी विचारार्ह आहेत. पहिली ही की, तेथे विलंब नव्हता. शरणागताची पात्रता, जाती, उपयोग यांची चौकशी झाली नाही. दुसरी ही की, पारध्यांचा तिरस्कार झाला नाही. त्यांना धिक्कारून नव्हे, तर समजावून परतविले. आणि तिसरी, सर्वांत सूक्ष्म : वाचविलेल्यावर कोणताही हक्क राहिला नाही. सशाने थांबावे, कृतज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नव्हती. ज्याचे प्राण राखले त्यालाच मान देऊन निरोप दिला. सामान्यतः याच्या उलट घडते. आपण ज्यास राखतो त्यास आपल्यापेक्षा लहान समजतो.

यावरून परीक्षेची खूण हाती येते. मनास सुख झाले की नाही, ही खूण नव्हे. दिलेल्यावर आपला हक्क शिल्लक राहिला काय, ही खूण होय. एखादा वासनिक आश्रमाच्या बांधकामास द्रव्य देतो. पुढे फरशीवर त्याचे नाव कोरावयाचे राहते आणि तो येणेच सोडतो. द्रव्य वाया गेले नाही. छपराखाली साधक बसतातच. परंतु दात्याने दान दिले नव्हते, नाव विकत घेतले होते, हे त्या दिवशी उघड झाले. उपकृत मनुष्य उद्या ओळख न दाखविता पुढे गेला, तर त्या क्षणी मनात जे उठते, तेच आपल्या दयेचे खरे माप होय.

भिक्षूनेही हीच परीक्षा स्वतःस लावावी. भिक्षा घेऊन आपण गृहस्थास पुण्याचा लाभ करून देतो, असा भाव मनात आला तर तोही व्यापारच. आणि भिक्षा न देणाऱ्या दारावरून जाताना मन कडू झाले, तर मागणाऱ्याच्याही मनात हक्क दडलेला होता असे समजावे. निरपेक्ष देणे जितके अवघड, तितकेच निरपेक्ष घेणेही अवघड.

तर मग अंतःकरण शुद्ध होईपर्यंत सत्कर्म थांबवावे काय ? मुळीच नाही. भुकेल्याची भूक दात्याच्या चित्तशुद्धीची वाट पाहत नाही. अशुद्ध हेतूने दिलेल्या भाकरीनेही पोट भरते. उणीव राहते ती देणाऱ्याच्या पदरी, घेणाऱ्याच्या नव्हे. म्हणून कर्म आधी करावे आणि वासनेचा झाडा मागाहून घ्यावा. जो आधी झाडा घेत बसतो, त्याचा विवेक बहुधा आळसाचे दुसरे नाव असतो. केलेले कर्म विहित म्हणून, परमेश्वराच्या आज्ञेचे पालन म्हणून केले असे मनास पुनः पुनः शिकवीत जावे. आज्ञेने वागणाऱ्यास हक्क सांगता येत नाही, आणि हक्क सुटला की दयेचे बंधनही शिथिल होऊ लागते.

ऋद्धिपूरचे लोक श्रीगोविंदप्रभूंना माय आणि बाप म्हणत. माय लेकरास जेवू घालते त्याची नोंद ठेवत नाही, आणि त्यात तिला सुख होते म्हणून तिच्या मायेस कोणी स्वार्थ म्हणत नाही. जीवाची दया त्या प्रभूच्या कृपेची बरोबरी करू शकणार नाही. परंतु तिचे तोंड त्या दिशेला असावे, इतके साधकाच्या हाती आहे. त्या कृपाळू प्रभूच्या श्रीचरणी दंडवत.