दुखणें हटत नाहीं, तर विश्वास उणा काय?

प्रार्थना करूनहि दुखणें हटलें नाहीं, तर तो रोग्याच्या विश्वासाचा उणेपणा समजावा काय? अकोले तालुक्यांत हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो. बहुधा तो रोगी विचारीत नाहीं; त्याचे शेजारी विचारतात. पावसाळ्यांत राजूर-भंडारदऱ्याकडे धुकें दाटलें कीं दमेकऱ्याची छाती भरून येते, संधिवाताच्या मनुष्यास अंथरुणावरून उठवत नाहीं. पहिल्या आठवड्यांत मंडळी घरीं जमते, गायनें होतात, तेल लावून प्रार्थना होते. दुसऱ्या वर्षीं कोणी फिरकत नाहीं. मात्र कांहीं गुप्त पाप असलें पाहिजे, अशी कुजबूज सुरू होते.

हा विचार ख्रिस्ती नव्हे. तो शास्त्रवचनाचा अंगरखा घालून आलेला जुना कर्मविपाकच होय. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं प्रभूस हेंच विचारिलें होतें, आणि त्यानें तो हिशेबच फेटाळून लाविला. पौलानें आपल्या देहांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनविलें. कांटा राहिला, कृपा मिळाली. त्याच पौलास आजारी त्रफिमाला मिलेतांत मागें ठेवावें लागलें. तीमथ्यास पोटाकरितां व वारंवारच्या दुखण्यांकरितां त्यानें थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितलें. (दारूबंदीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या मंडळ्यांत हें वचन क्वचितच वाचिलें जातें!) तीमथ्याच्या विश्वासास त्यानें बोल लाविला नाहीं, उपाय सांगितला.

आपल्याच भाषेंतील उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्या 1883 सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंदास गेल्या. पण कान अधू, म्हणून तो बेत सोडावा लागला. पुढें केडगांवीं (नगरजवळच्या नव्हे, दौंडकडील) त्यांनीं मुक्तिसदन उभारिलें. 1905 सालीं तेथें मोठें आत्मिक जागरण झालें, आणि शेंकडों मुली तासन् तास प्रार्थनेंत राहूं लागल्या. तथापि बाईंचे कान कांहीं उघडले नाहींत. बहिरेपणा वयाबरोबर वाढतच गेला. तशा स्थितींत त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविण्याचें काम वर्षानुवर्षें चालविलें. 1921 सालीं कन्या मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजीं बाईहि गेल्या. भाषांतर तोंवर पुरें झालें होतें. मुक्तिसदनांत विश्वासाची टंचाई होती, असें कोण म्हणेल?

बहिरेपणामुळेंच बाईंच्या हातून हें घडलें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. दुखण्यास देणगी म्हणून गोड नांव देणें, हीहि एक निर्दयताच. वेदना ती वेदनाच. स्तोत्रकर्ते देवापाशीं मोठ्यानें गाऱ्हाणें करीत; आमच्या रोग्यांनीं केलें तर वडीलमंडळींनीं त्यांस गप्प करूं नये.

याहून भयंकर गोष्ट म्हणजे औषध सोडावयास लावणें. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने घ्यावें लागतें. दोन महिन्यांत बरें वाटतें, आणि प्रार्थना ऐकिली गेली म्हणून गोळ्या टाकिल्या जातात. मग रोग उलटतो, आणि उरलेले जंतु त्या औषधास दाद देईनासे होतात. मधुमेहाचेंहि तसेंच. बाई गेल्या त्याच 1922 सालच्या जानेवारींत टोरांटो येथें एका मुलास प्रथम इन्शुलीन टोचण्यांत आलें. तोंवर अशा मुलांस मरण ठरलेलेंच असे. ज्यास रोज ती सुई घ्यावी लागते, त्यास विश्वासाच्या नांवानें ती सोडावयास सांगणें हा उपदेश नव्हे, घात आहे.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्यानें त्याच्यापाशीं भुईवर बसले, तोंवर ते चांगले मित्र होते; बोलूं लागले आणि बिघडलें. आमच्या मंडळ्यांस बोलतां पुष्कळ येतें, बसतां येत नाहीं. मूत्रपिंडें निकामी झालेल्या मनुष्यास रक्तशुद्धीकरितां आठवड्यांतून दोन-तीनदां शहर गांठावें लागतें. त्याच्याबरोबर एस.टी.त कोणी बसावें, माघारीं गुरांस वैरण कोणी टाकावी, आषाढांत भाताची लावणी कोणाच्या हातून व्हावी, हे प्रश्न उपासनेनंतर निरोप घेण्याआधीं मंडळींत निघाले पाहिजेत. पाळकानें ते काढावे. रोग्यास ते स्वतः काढण्याची लाज वाटते.