ओळख आणि वशिला

दिवाळीच्या फराळाशी एखाद्या नियमपत्रकाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. परवा एक गृहस्थ चकल्यांचा डबा घेऊन माझ्या घरी आले. तो डबा हातात घेताना मला थोडी लाज वाटली. त्या लाजेविषयीच लिहायला बसलो आहे.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, पण मॅट्रिक या शब्दाचा भारदस्तपणा मला सोडवत नाही! अशा माणसाकडे कोणी एम.टेक.ची अडचण घेऊन यावे, हेच नवल. पण गावाकडे मास्तरला सर्व काही येते अशी एक समजूत असते, आणि खरे सांगायचे तर मास्तरलाही ती मोडवत नाही.

हे गृहस्थ एस.टी.त वाहक. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. तो ‘गेट’ची परीक्षा उत्तीर्ण होऊन शहरातल्या एका महाविद्यालयात एम.टेक.ला गेला. अशा विद्यार्थ्याला तंत्रशिक्षण परिषदेकडून महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. ते जास्तीत जास्त 24 महिने मिळते, थेट बँकेच्या खात्यात जमा होते, आणि त्याच्या मोबदल्यात आठवड्याला काही तास विभागात काम करावे लागते. बापाने त्या आकड्यावर घरचा हिशेब बांधला होता. पण जून-जुलै उलटले, गणपती झाले, दसरा झाला, तरी खात्यात दमडी नाही. मुलगा खानावळीत एक वेळ जेवू लागला. घरी मात्र त्याने सांगितले नाही.

कारण क्षुल्लक होते. त्याचे खाते शाळेत असताना उघडलेले, ज्याला बँकेत छोटे खाते म्हणतात तसले. त्यात एका वेळी 50,000 रुपयांहून अधिक शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा होऊ शकत नाही. पाच महिन्यांची थकबाकी एकदम आली तर तीच 62,000 होते! असले खाते चालणार नाही, हे नियमपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते. पत्रक इंग्रजीत, बरेच लांब. मुलाने वाचले होते, पण आपले खाते ‘असले’ आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्याच खोलीतल्या दुसऱ्या मुलाचे वडील अभियंता. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलाला बजावले होते, “प्राध्यापकांना नंतर भेट, आधी विभागाच्या कार्यालयात जाऊन त्या बाईंना नमस्कार कर आणि कागद दाखव.” बाईंनी कागद पाहिले आणि खाते बदलून आणायला सांगितले. पाच मिनिटांचे काम.

नियम दोघांना एकच होता. कोणाला विचारायचे हे मात्र एकाच्याच घरात माहीत होते. दुसऱ्याच्या घरात नियम म्हणजे खिडकीपलीकडचा साहेब आणि त्याच्यापुढे बोलायचे नसते, अशीच पिढ्यान्‌पिढ्या शिकवण.

शेवटी मुलाने नवे खाते काढले, पण ते दप्तरात चढेना. तेव्हा बाप माझ्याकडे आला. “सर, तिथं तुमच्या ओळखीचं कोण हाय का?”

होते. माझा एक वर्गबंधू त्याच संस्थेत नोकरीला आहे. मी फोन लावला आणि दुपारपर्यंत काम झाले. बापाने हात जोडले. रात्री मुलाचा फोन आला. आभार मानले, आणि जरा थांबून म्हणाला, “सर, माझ्यासारखंच अजून चौघांचं अडकलंय. ते माझ्याआधीपासून थांबलेत.”

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1785 साली एक कसोटी सांगून ठेवली आहे. तू करतोस तेच सगळ्यांनी केले तर चालेल काय, हे स्वतःला विचार. मी माझा फोन या कसोटीला लावून पाहिला. सगळ्यांनीच फोन केले तर माझ्या फोनला काडीची किंमत उरणार नाही. दुसऱ्यांना फोन करायला कोणी नाही, एवढ्यावरच तो चालला. त्या बाईंकडे जाऊन विचारणे मात्र तसे नाही. ते सर्वांनी केले तर उलट खिडकीचे काम सुधारेल. तेव्हा बाईंची ती ओळख, आणि माझा तो वशिला. इथवर हिशेब सरळ आहे. पण मुलगा उपाशी होता. फोन न करता मी त्याला कांट वाचून दाखवायला हवा होता काय? पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती कसोटी मला टोचत राहते.

मी मुलाला एवढेच म्हणालो, “तुला आता जे कळले आहे, ते मराठीत कागदावर लिही आणि वसतिगृहात लाव.” त्याने लिहिले. कोणते खाते चालते, अर्जावर कोणाची सही, कोणत्या खिडकीत कोण बसते, किती वाजेपर्यंत. कागद खानावळीच्या दारावर लागला. त्या चौघांपैकी तिघांचे काम महिन्याभरात झाले. चौथा मुलगा त्याआधीच घरी निघून गेला होता.

हे त्या वाहकांना मी सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले, मान डोलावली. मग चकल्यांचा डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, “सर, आता धाकटीचं नर्सिंगचं बघायचंय. त्या साहेबांना एक फोन टाका की. तुमचं वजन हाय तिथं.”

मी चकली मोडली. खुसखुशीत होती. म्हटले, “आधी तिला कार्यालयात जाऊन विचारू दे.”

“विचारंल की,” ते म्हणाले, “पण फोनबी असू द्या.”