न झालेला गोल

आमच्या देवळ्याच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी येत्या 31 तारखेला निवृत्त होत आहेत आणि निरोपाचं भाषण लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. (हा चार ओळी खरडतो असं एकदा कळलं, की मानपत्रापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं आपल्याच टेबलावर येतं.) त्यांना आम्ही 'बॅकसाहेब' म्हणतो. गिऱ्हाइकांना ते 'बँकसाहेब' ऐकू येतं, तेव्हा कुणाचंच बिघडत नाही. हे गृहस्थ स्पोर्ट्स कोट्यातून लागले आणि मुंबईत ऑफिसच्या फुटबॉल संघाकडून 12 वर्षं फुलबॅक खेळले. म्हणजे पगार बँकेचा आणि काम समोरच्याला गोल करू न देण्याचं. रोव्हर्स कप त्यांनी पाहिला तो कूपरेजच्या प्रेक्षकांत बसून.

"तुमची कामगिरी सांगा," मी म्हटलं.

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "पेपरात एकदा नाव आलं होतं. सेल्फ गोल."

मी पडलो बी.कॉम. आमच्या शास्त्रात नोंदीला व्हाऊचर लागतं. झालेल्या गोलाचं व्हाऊचर असतं. न झालेल्याचं कुठून आणायचं? फॉरवर्ड दहादा चुकतो, अकराव्यांदा लागतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. बॅक दहादा अडवतो, अकराव्यांदा पाय घसरतो आणि लोक त्याचं घर विचारत येतात. कॅशचंही तेच. वर्षभर टॅली जुळली म्हणून कुणी पेढे वाटत नाही. एक दिवस पाचशे कमी आले, की शिपायापर्यंत सगळे तुमच्याकडे बघतात. आमच्या तालुक्यात जाल तिथे कांदाचाळी. सडलेला कांदा वासानेच हजेरी लावतो. पण न सडलेल्या कांद्याबद्दल चाळ बांधणाऱ्याला कुणी नारळ दिलेला मी अजून पाहिला नाही.

मोठ्यांची गत निराळी नाही. जर्नेलसिंग हा भारताचा नामांकित बॅक. 1962 च्या जाकार्ता एशियाडमध्ये डोक्याला टाके पडले म्हणून त्याला पुढे खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला आपण 2-1 असं हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. आज त्याचं नाव निघालं की लोक हा गोल सांगतात. म्हणजे बॅकने लक्षात राहायचं, तर आधी बॅकची जागा सोडायची! आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, तरी 2010 मध्ये तो संघच बंद झाला. जिथे गोल करणाऱ्यांचं खातं बंद होतं, तिथे अडवणाऱ्यांचं काय घेऊन बसलात!

पण माझं भाषण अडलंय ते दुसऱ्याच जागी. गेल्या वर्षी ऐन कांद्याच्या पैशांच्या दिवसांत एक म्हातारे बाबा 2 लाख 60 हजार कुठल्याशा खात्यावर पाठवायला आले. कानाला मोबाईल. "साहेब लाइनवर हायेत, लवकर करा." बॅकसाहेबांनी एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे. "सर्व्हर डाऊन आहे, बाबा. बसा, चहा घ्या." तासभर बसवलं. सर्व्हर ठणठणीत होता. रांग ओरडू लागली. मीही कुजबुजलो, "करा की पास! पैसे त्यांचे आहेत." शेवटी पलीकडून फोन कट झाला, बाबा तणतणत उठले आणि नातवाकरवी लेखी तक्रार देऊन गेले.

तक्रार फायलीत आहे. चोर कुठेच नाही. कोण जाणे, फोनवर बाबांचे खरोखरीचे साडूही असतील! थाप मारली, दुसऱ्याच्या पैशांत नाक खुपसलं, एवढं सिद्ध आहे. वाचवलं हे सिद्ध करायला आधी बाबांना लुबाडू द्यायला हवं होतं. अशा माणसाला हार घालायचा की मेमो द्यायचा?

मी आपलं ठोकून दिलं : 'यांनी एका शेतकऱ्याचे 2 लाख 60 हजार वाचवले.' मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि नेमकी त्याच वाक्यावर लाल काट मारली.

"अहो, का?"

"तो गोल झालाच असता, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

खालची सेल्फ गोलची ओळ मात्र ठेवली. तिथे मी तो सामना 3-1 असा हरल्याचं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी 1-0 केलं.