शिक्षण उपकर आणि ऋषिऋण

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या घरमालकाच्या हाती महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल पडते, तेव्हा त्यात पाणी आणि मलनिःसारणाच्या सोबतीला शिक्षणाचे दोन आकडे असतात. एक महापालिकेचा शिक्षण उपकर, दुसरा राज्याचा, १९६२ च्या कायद्याने आलेला. भरणाऱ्यांपैकी अनेकांची मुले खासगी शाळेत जातात. काहींना मूलबाळच नसते. मग परक्याच्या मुलाच्या शाळेसाठी सक्तीने पैसे घेणे न्याय्य आहे का?

हा आक्षेप कंजूषपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. स्वेच्छेने दिले तरच ते दान, असे आपली परंपरा मानते. जबरदस्तीने काढलेल्या पैशात देणाऱ्याचे पुण्य कुठे उरते? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये वेगळी भीती मांडली होती. मुलांना शिकवण्याची सक्ती सरकारने जरूर करावी, गरिबांची फीही भरावी, पण सगळ्यांना स्वतःच शिकवायला बसू नये, नाहीतर माणसे एकाच साच्यातून निघतील.

पण शिक्षणाचा पैसा दान आहे, हे गृहीतच तपासायला हवे. धर्मशास्त्राने माणसावर जन्मतः तीन ऋणे सांगितली: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. पैकी ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. ज्ञान आधीच्यांकडून आले, म्हणून ते पुढे चालू ठेवणे ही परतफेड. त्यात उपकार नाही. विचार मोठा आहे. मात्र हे ऋण फेडण्याचा अधिकारच शतकानुशतके मूठभरांपुरता ठेवला गेला, आणि तिथे तो विचार खुजा झाला.

या जखमेवर नेमके बोट ठेवले जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवले, की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि तिच्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुले. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. प्रश्न त्यांनी उलटा केला: श्रीमंताने गरिबाच्या शाळेसाठी का द्यावे हे विचारण्याआधी, गरीब इतकी वर्षे कोणाच्या शाळेसाठी देत आला ते पाहा.

डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात हाच हिशेब आकड्यांत मांडला. शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे, तर दारूवरील करातून दरडोई वसुली दोन रुपयांहून अधिक. लोकांकडून घेतले तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने परत द्या, असे ते म्हणत होते.

हिशेब आजही तसाच लागतो. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. म्हणून त्या घरांतले लोक फुकटात शिकतात असे म्हणणे चूक ठरेल. साबणाच्या वडीवर, मोबाइलच्या रिचार्जवर ते कर भरतातच. अंधेरीच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईचाही तिजोरीत वाटा आहे.

सक्तीला मर्यादा मात्र हवी, आणि संविधानाने ती घातली आहे. अनुच्छेद २७ नुसार विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही; अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मिलच्या साच्याच्या भीतीला हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले थोडे महापालिकेच्या शाळांत मिळते, जिथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत मुले शिकतात.

तेव्हा कर द्यावाच लागेल, आणि तो ऋण म्हणून द्यावा. पण ऋण फेडणाऱ्याला हिशेब मागता आला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, हे योग्यच झाले. शेजारच्या सोसायटीतल्या, मूल तिथे न शिकणाऱ्या करदात्यासाठी मात्र त्या समितीत हक्काची जागा नाही. वर्षातून एकदा तरी वॉर्डातल्या शाळेने आपला जमाखर्च आणि मुलांची प्रगती या शेजाऱ्यांपुढे ठेवावी, आणि त्यांनीही ती पाहायला शाळेत जावे.