उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो काय?

भंडारा जिल्ह्यातील लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकणारा विद्यार्थी 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे असे पाठ करतो, तेव्हा 'देणे' आणि 'वर' हे सुटे अर्थ ठाऊक असूनही जोडक्रियापदाचा अर्थ त्याला लागत नाही. ही अडचण व्याकरणापुरती नसून अर्थ कोठे वसतो या जुन्या दार्शनिक प्रश्नाची आहे. यास्काच्या 'निरुक्ता'त हा वाद नोंदलेला असून, शाकटायनाच्या मते उपसर्ग, म्हणजे धातूला जोडून येणारे 'प्र', 'वि', 'सम्' यांसारखे शब्द, स्वतंत्र अर्थ सांगत नाहीत, केवळ नाम वा क्रियापदाचा अर्थ उजळतात, तर गार्ग्य त्यांना स्वतःचे नानाविध अर्थ देतो. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार सिद्ध होतात, हे पाहता गार्ग्याला सहज मोडीत काढता येत नाही. भर्तृहरी मात्र 'वाक्यपदीया'त वाक्यच अखंड मानतो आणि पदांची फोड, जिला तो 'अपोद्धार' म्हणतो, ती शिकविण्याच्या सोयीपुरती ठरवतो. मराठीतल्या 'करून टाकणे'मध्येही काही टाकले जात नाही, आणि त्याची तक्रार कोणी करीत नाही! महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. तेथे सुट्या याद्यांपेक्षा पूर्ण वाक्ये द्यावीत, कारण या वादात भर्तृहरीचीच बाजू अधिक बळकट आहे.